बुडालेल्या बोटीतली डबी

४ फेब्रुवारी

शेवटी जायचं ठरलं! सासूबाईंनीच ठरवलं. त्या बुडालेल्या बोटीतलं सामान पाणबुड्यांनी वर काढलंय, समुद्रकाठच्या एका छोट्या संग्रहालयात मांडलंय. सासरे त्या बोटीवर इंजिनखोलीत होते. एकही माणूस हाती लागला नव्हता. नवरा तेव्हा तीन वर्षांचा.

मला धास्ती आहे. सासूबाईंची नाही — त्याची.

५ फेब्रुवारी

त्याने कपाटावरून पुन्हा ती बॅग काढली. पुढच्या आठवड्यात कुठल्याशा बंदरावर जाणार म्हणे. कुणीतरी सांगितलंय, तिथे दोरखंड विकणारा एक म्हातारा आहे, कान अगदी फोटोतल्या बाबांसारखे. कान! मागच्या खेपेला नाक होतं. ते आजोबा निघाले निवृत्त पोस्टमास्तर, पाण्याला घाबरणारे. वर यालाच विचारत बसले, "तू आमच्या धाकट्याचा मित्र का रे?"

हसू येतं आणि रागही. आमची छकुली तापाने फणफणली होती, तेव्हाही हा असाच कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या मागे. बोलायला जावं तर एकच उत्तर — "प्रेत कुणी पाहिलंय का?" कपाळ माझं!

८ फेब्रुवारी

जाऊन आलो.

एकच लांबट खोली, पूर्वीचं जाळी ठेवायचं गोदाम. वाऱ्याने तावदानं खडखडत होती. काचेच्या पेट्यांत बशा, दारांच्या कड्या, एक बूट — आत शिंपले चिकटलेले. तो त्या बुटापाशी जो उभा राहिला तो हलेचना. संग्रहालयाच्या बाई हळूच म्हणाल्या, "घाई नाही. इथे येणारे सगळेच असे थांबतात."

सासूबाई मात्र एकेक पेटी बघत पुढे चालल्या होत्या, बाजारात भाजी बघावी तशा. शेवटच्या पेटीपाशी थांबल्या. एक पितळी डबी, हिरवी पडलेली, झाकणाला पोचा.

"ही यांची."

तो धावतच आला. "आई, नक्की?"

"तंबाखूची डबी. माझ्याच हातून उंबऱ्यावर पडली होती, हा बघ पोचा. केवढे चिडले होते!"

बाईंनी पेटी उघडून डबी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने मूठ मिटली — आणि रडायलाच लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. सासूबाई पाठीवरून हात फिरवत नुसत्या "हो रे, हो" म्हणत होत्या.

बसमध्ये एकच वाक्य बोलला. "बाबा तिथेच होते गं. आपल्याला टाकून नव्हते गेले."

म्हणजे इतकी वर्षं हे होतं याच्या मनात! मला वाटायचं, हा वडिलांना शोधतोय. हा तर जाब विचारायला निघायचा.

मग खिडकीला टेकून झोपला. तोंड उघडं, घोरणं सगळ्या बसला ऐकू जाईल असं. मी उठवलं नाही.

९ फेब्रुवारी

बॅग परत कपाटावर!

१५ फेब्रुवारी

संग्रहालयातून फोन आला — डबीखाली सासऱ्यांच्या नावाची पट्टी लावलीय. त्याने छकुलीला जवळ घेऊन सांगितलं, "तुझे आजोबा बोटीवर काम करायचे. बोट बुडाली, त्यात ते गेले."

'गेले' म्हणाला! सरळ, न अडखळता.

संध्याकाळी बाजारात एक उंच म्हातारा अगदी समोरून गेला. याची मानसुद्धा वर नाही. टोमॅटो दाबून बघत होता. माझा जीव भांड्यात पडला.

१६ फेब्रुवारी

दुपारी सासूबाईंबरोबर मटार सोलत होते. म्हटलं, "आई, बरं झालं, तुम्हाला डबी ओळखू आली."

"कसली ओळखतेय! त्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही."

मी बघतच राहिले.

"बघतेस काय? सोल. झोपतोय ना तो आता नीट?"