भिजण्याचा सराव

१७ ऑगस्ट १९९८, सोमवार
सराव सुरू. अमेरिकन फुटबॉलचा हेड कोच म्हणून माझा एकतिसावा सीझन. कॅन्ससच्या या पट्ट्यात एकाच कॉलेजात इतकी वर्षं टिकलेला दुसरा कोच दाखवा म्हणावं. लावोनाला हे ऐकवलं. ती म्हणाली, बाकीच्यांना दुसरीकडून बोलावणी आली असतील. बायकोला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.
संकल्प: टोपी जमिनीवर आपटायची नाही. पंचांच्या घराण्याविषयी बोलायचं नाही, शेवटी मेनोनाइट पंथाचं धार्मिक कॉलेज आहे. बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव, दिवसाला दोनच.

१९ ऑगस्ट, बुधवार
डार्ला अनरूने ऑफिसात बोलावलं. पूर्वी माझ्या पीटीच्या वर्गात दोरावरून धपाधप पडायची, आता खेळविभागाची प्रमुख, म्हणजे माझी साहेब. म्हणाली, गेले दोन सीझन एकही सामना जिंकलेला नाही, विश्वस्त वैतागलेत. यंदा निदान एक तरी जिंका, नाहीतर कोच बदलणार. एक! मी हसू दाबलं. मी मनात सात धरलेत, तेही हात राखून.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
आनंदाची बातमी. यंदा पाच कॉलेजांनी आपापल्या होमकमिंगला आमच्याशीच सामना ठेवलाय. वर्षातला सर्वांत मोठा दिवस. जुने विद्यार्थी येणार, मिरवणूक निघणार, राणी निवडणार, आणि पाहुणे म्हणून कोण हवं? आम्ही! याला म्हणतात नाव कमावणं.
माझा असिस्टंट ट्रेंट गेरिंग बुटांच्या नाड्या बांधत बसला. हल्लीच्या पोरांना मानाची किंमत नाही. घरी सांगितलं तर लावोना म्हणाली, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्कीलाही आवर्जून घरी आणतात. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. टर्कीला अजून तीन महिने आहेत.

१२ सप्टेंबर, शनिवार
हरलो. ४८–०. पण सुरुवातीला बराच वेळ बरोबरीत होतो. आकडे बघणाऱ्यांना खेळ दिसत नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार
हरलो. वारा. टोपी आपटली, पण बाकावर. संकल्प जमिनीचा होता.

१० ऑक्टोबर, शनिवार
हरलो. होमकमिंग होतं त्यांचं. बँड सुरेख. सामना संपल्यावर त्यांच्या कोचने मला घट्ट मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, ऑर्लिन, तुम्ही असेच राहा, बदलू नका. समोरच्या संघाचा माणूस असं बोलतो! ट्रेंटला हे सांगितलं, तर तो बसच्या खिडकीतून ज्वारीची शेतं बघत राहिला.

३१ ऑक्टोबर, शनिवार
हरलो. ट्रेंट म्हणतो पोरं खचलीत. मी म्हटलं, खचायला आधी उंच असावं लागतं. हे त्यांना उभारी द्यायला म्हणालो होतो, त्याने तोंड वाकडं का केलं? बीरॉक पाच. थंडी फार होती.

९ नोव्हेंबर, सोमवार
नऊ सामने, नऊ पराभव. म्हणजे सगळी वाईट वेळ भोगून झाली. शनिवारचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, आणि समोरचेही यंदा एकही जिंकलेले नाहीत. डार्ला कॉरिडॉरमध्ये भेटली. म्हणाली, कोच, शनिवारी मी येतेय. मी म्हटलं, छत्री आण, शिंतोडे उडतील. तिला कळलं नाही. शनिवारी कळेल.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
आज एक फार मोठी गोष्ट ध्यानात आली. जिंकल्यावर पोरं बर्फाच्या पाण्याचं पिंप कोचच्या डोक्यावर ओततात, देशभर ओततात. आमच्या पोरांना ते येतच नाही! यायचं कुठून, कधी वेळच आली नाही. उद्या टीव्हीवाले येऊ शकतात (सलायना शहरातून), आणि ऐनवेळी पिंप पायावर पडलं तर कॉलेजची शोभा.
म्हणून आजचा अख्खा सराव त्यावरच घेतला. दोघांनी पिंपाचे कान धरायचे, मागून यायचं, माझी नजर मैदानावर, मला काहीच माहीत नाही. आठ वेळा केलं. पोरं या सीझनमध्ये पहिल्यांदा खळखळून हसली. संघभावना म्हणतात ती हीच.
ट्रेंट मात्र हटून बसला. शेवटच्या मिनिटात लांब पास आला तर अडवायचा कसा, एवढं तरी घेऊ या, म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तू नेहमी हरण्याचाच विचार करतोस. कपडे बदलायला गेलो. सर्दी होणारसं दिसतंय.

१४ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
सविस्तर लिहितो, कारण लोक काहीबाही बोलतील.
आम्ही २०–१७ पुढे होतो. आम्ही! शेवटचे क्षण. बॉल त्यांच्याकडे, आमची गोलरेषा अजून लांब. त्यांनी पास फेकला, जमिनीवर पडला. संपलं! मी चष्मा काढून ट्रेंटच्या हातात दिला आणि नजर मैदानावर लावली. पोरांनी पिंप काय ओतलं! एक थेंब बाहेर नाही. गारठून मी ओरडतच मैदानात पळालो, माझ्यामागे सगळा संघ, एकमेकांच्या गळ्यात पडत.
चष्मा नसल्याने घड्याळ दिसलं नाही. चार सेकंद शिल्लक होते.
पंचाने पिवळा रुमाल टाकला. खेळ चालू असताना मैदानात घुसल्याबद्दल दंड, पंधरा यार्ड. त्यांना आयतं जवळ आणून ठेवलं. मग त्यांनी तो लांब पास फेकला, आणि आमच्या पोरांना तो अडवता आला नाही. त्याचे सहा गुण. २३–२०, हरलो.
चार सेकंद सोडले तर आम्ही जिंकलोच होतो. शिवाय ओतणं निर्दोष झालं.
कोल्टन नावाचं आमचं थोराड पोर, पिंपाचा डावा कान धरणारं, बाकावर बसून हुंदके देत होतं. सॉरी कोच, सॉरी कोच. मी म्हटलं, छान ओतलंस बाळा. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार
डार्लाकडे गेलो. भाषण तयार होतं: पायाभरणी झालीय, पुढचं वर्ष आपलंच, शेवटचे चार सेकंद सुधारले की झालं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
“कोच, मी दोरावरून पडायचे तेव्हा तुम्ही खाली हात पसरून उभे राहायचात. म्हणून सांगताना मला जड जातंय. आता थांबा.”
नवा कोच ट्रेंट. मी म्हटलं, उत्तम निवड, मीच घडवलाय त्याला. ती हो म्हणाली. सल्लागार म्हणून लागलो तर आहेच, असंही म्हटलं. त्याला ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही, हे महत्त्वाचं.
शिट्टी टेबलावर ठेवायची असते का, विचारलं. तसं काही नसतं म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शनिवार
सामना नाही. पाचला जाग आली. पाल्यापाचोळ्याचे ढीग केले. वाऱ्याने पुन्हा पसरवले. पुन्हा केले. दुपारी स्वयंपाकघरात येऊन बसलो. ट्रेंटचा फोन येईल म्हणून फोनच्या बाजूच्या खुर्चीवर. आला नाही, कामात असेल.
लावोनाने बीरॉक ताटात ठेवले, आणि समोर बसली.
“ऑर्लिन, दर शनिवारी तू पडलेल्या चेहऱ्याने घरी यायचास. एकतीस वर्षं. मी मनात म्हणायचे, हे एकदाचं संपलं की याला बरं वाटेल.” मग तिने विचारलं, “वाटतंय का?”
मी म्हटलं, हो.
वाटत नाहीये.