उन्हाळ्यातलं स्वेटर

पुणतांबे,
२२ मार्च २०२५

प्रिय हेलनताईस, धाकट्या मरियाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की ते शेजारच्या मालनबाईला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. वाचलंस की फाडून टाक. तुझ्या लेकाच्या, जोएलच्या हाती लागू देऊ नकोस. धरणावर तंबूत उतरलेल्या पाहुण्यांनासुद्धा तो घरच्या गोष्टी सांगत बसतो.

आमच्या प्रार्थनाचं काहीतरी बिनसलंय. दुपारी अंगणात पाय ठेववत नाही इतकं ऊन, आणि ही मुलगी स्वेटर घालून बसते. विचारलं तर म्हणते की हॉटेलात रिसेप्शनला एसी फार असतो, त्याची सवय लागलीय. शिर्डीचा एसी माझ्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात कसा पोचतो ते तिलाच ठाऊक! पंखा लावला की उठून बंद करते. परवा तिचं अंथरूण झटकताना गरम पाण्याची पिशवी निघाली. केस तर इतके गळतात की मोरी दोनदा तुंबली.

आता पोटातलं सांगते. डिसेंबरात आणलेलं पॅडचं पाकीट अजून संपलेलं नाही. मी रोज उघडून बघते. मालनबाईनं तर तोंडावरच विचारलं की, असल्या उन्हात सुटर घालनारी पोर आमी कवा बगितली न्हाई, तिच्या पोटाकडं ध्यान हाय का तुजं. जस्टिन दर रविवारी उपासनेनंतर जेवायला येतो. मेमध्ये लग्न आहे, तोवर त्याला दम निघाला नाही की काय? का दुसराच कुणी आहे? याकोब म्हणतात की मी चुकून शिक्षिका झाले, पोलिसात जायला हवं होतं.

त्यातल्या त्यात एक बरं आहे. ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवसांचे उपास तिनं धरलेत. दिवसभर काळा चहा, संध्याकाळी काकडी आणि चतकोर भाकरी. पाळकसाहेबांनी रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर तिचं नाव घेतलं. मला अभिमान वाटला, आणि लगेच मनात आलं की ही मनाची टोचणी तर नसेल?

लगेच उत्तर लिही. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मरिया

भंडारदरा,
२८ मार्च २०२५

चि. सौ. मरियास, हेलनताईचे अ. आ.

पत्र फाडलं नाही. मला ते तीनदा वाचायचं होतं. जोएलची काळजी करू नकोस, तुझं अक्षर त्याला लागत नाही.

तू पोरीच्या पोटाकडे बघतेस, मला तिच्या ताटाचा संशय आहे. जानेवारीत साखरपुड्याला ती माझ्या शेजारी बसली होती. केकचा तुकडा तिनं गुपचूप जोएलच्या ताटलीत सरकवला, भात चिवडून चिवडून चटणीखाली दडवला. तेव्हा मी गप्प बसले, लाजते आहे असं समजून. पण मरिया, उपास लागले ते मार्चच्या पाच तारखेला. मग जानेवारीत तिचा कोणता उपास होता?

तेहतीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्या जिवावर सांगते. सकाळी ती अंथरुणातून उठायच्या आत तोंडात थर्मामीटर धर. नाडी पूर्ण एक मिनिट मोज. हातांवर बारीक लव आली आहे का ते बघ. आणि कुणाचं, कधी, कुठे, असला एक शब्द विचारू नकोस. तुझी जीभ मला लहानपणापासून माहीत आहे.

याकोबना सलाम. रागावले तरी मी तुझीच आहे, हे ध्यानात ठेव.

हेलनताई

पुणतांबे,
७ एप्रिल २०२५

प्रिय ताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते केलं, आणि करू नकोस म्हणालीस तेही केलं.

जीभ आवरली नाही गं. मी तिला विचारलं की कुणाचं आहे. आधी ती हसली. मग म्हणाली की आई, माझ्यात दुसऱ्या कुणाला जागाच कुठे उरलीय. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की उठून जाते. तरी रोज पहाटे थर्मामीटरला मात्र मुकाट्यानं तोंड उघडते, कशामुळे ते कळत नाही.

पारा पंच्याण्णव पॉइंट सहा. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून स्वतःच्या तोंडात धरलं, तर अठ्ठ्याण्णव. याकोबना लावलं, तेही तेवढंच. नाडी अठ्ठेचाळीस. हातांवर लव आहे, कोवळ्या काकडीवर असते तशी. माझ्या लेकीचे हात या उन्हाळ्यात गार लागतात, ताई. मी घाबरले आहे.

ती ड्युटीला गेल्यावर मी तिचं कपाट उघडलं. वाईट केलं, मला कळतं. आतल्या बाजूला आपला लग्नाचा गाऊन टांगलेला होता, आईनं शिवलेला, आधी तू घातलेला, मग मी. खाली एक डायरी. रोज काय खाल्लं आणि वजन किती. जानेवारीत वजन भराभर उतरलंय. फेब्रुवारीपासून जागचं हलत नाही, आणि रोज त्याखाली लिहिलंय, अजून कमी खा.

पहिल्या पानावर साखरपुड्याच्या आठवडाभर आधीची तारीख आहे. त्या दिवशी तिनं गाऊन घालून पाहिला होता आणि पाठीचे हुक चार बोटं अलीकडेच राहिले होते. जस्टिनची आई समोर होती. तेव्हा मी हसत म्हणाले होते की माझ्या लग्नात हाच गाऊन मला सैल व्हायचा. ताई, इतके दिवस मी जस्टिनवर डोळा ठेवून होते, मालनबाईचं ऐकत होते. त्या पानावर दुसरं काही नाही. माझं तेवढं वाक्य आहे.

आता काय करू ते सांग. शिव्या घालायच्या असल्या तर पत्राच्या शेवटी घाल.

मरिया

भंडारदरा,
११ एप्रिल २०२५

चि. सौ. मरियास अ. आ.

शिव्या घालायचा हक्क मला उरलेला नाही. का ते पुढे लिहिते.

आधी पोरीचं. उद्याच डॉक्टरकडे ने. रक्त तपास, थायरॉइड बघ, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घे. खाणं कमी पडलं की शरीर धोरणी बाईसारखं वागतं, आधी चूल बारीक करतं. अंग गार पडतं, नाडी मंदावते, केस आणि पाळी हे खर्च बंद होतात. म्हणून इतकं कमी खाऊनही तिचं वजन अडलंय, आणि ते अडलं म्हणून ती आणखी कमी खाते. हे लाड नाहीत, दुखणं आहे. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू वाढव, पहिल्याच दिवशी ताट भरू नकोस, इतक्या उपाशी शरीराला ते झेपत नाही. तिचे उपास आजपासून बंद. पाळकसाहेबांना मी वेगळं पत्र टाकलंय की आजारी लेकराचं मंडळीसमोर कौतुक करू नये.

आता माझं. तुझ्या लग्नाआधी दोन महिने तुला टायफॉइड झाला होता. उठलीस तेव्हा तुझं वजन एकोणचाळीस किलो होतं. गाऊन तुझ्या अंगावर गोणपाटासारखा लोंबायचा. तू आरशात बघून रडशील म्हणून मी एका दुपारी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला आणि तुला सांगितलं की बघ, जणू तुझ्याच मापाचा आहे. तरी तो तुला सैलच झाला, इतकी वाळली होतीस. तू ते भूषण समजून अठ्ठावीस वर्षं मिरवलंस, आणि मी मिरवू दिलं. ते माप निरोगी बाईचं नव्हतंच. आजारातून उठलेल्या पोरीचं होतं.

कापड मी कापलेलं नाही, शिवणीत आत दाबलेलं आहे. डावीकडे पांढरा दोरा संपला होता, म्हणून शेवटची वीतभर शिवण फिकट निळ्या दोऱ्यानं घातली. उसवून बघ. आणि हे पत्र प्रार्थनाला वाचायला दे, सगळं. तुम्ही दोघी मला क्षमा कराल एवढ्या आशेवर,

हेलनताई

पुणतांबे,
२५ एप्रिल २०२५

प्रिय हेलनमावशीस, प्रार्थनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मला वाटलं की माझी समजूत काढायला तू ही गोष्ट रचलीस. आईचीच बहीण ना तू. म्हणून कुणाला न सांगता कात्री घेऊन मीच बसले.

डॉक्टर म्हणाले की थायरॉइडचा आजार नाही, उपासमारीनं ते मंद झालंय. हृदयाची पट्टी बरी आली. तिथल्या आहारवाल्या मॅडमनी तक्ता दिलाय. तो पाळणं मला फार जड जातं, खोटं कशाला सांगू. प्रत्येक घासाला मनात कुणीतरी आकडे म्हणत असतं. दोनदा मी दूध मोरीत ओतलं. दुसऱ्यांदा आईनं पाहिलं, पण ओरडली नाही. तिनं दुसरा पेला भरला, आणि माझ्यासमोर बसून स्वतःही एक प्यायली. तिला दूध अजिबात आवडत नाही. जस्टिनला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की लग्न नाताळात करू, आणि मग आईला त्याचाच संशय होता हे पण त्याला कळलं. आता आमच्याकडे जेवताना तो तिला जास्तच वाकून सलाम करतो.

पहाटेचा पारा आज शहाण्णव पॉइंट आठ होता. स्वेटर अजून लागतं, पण दुपारी काढते.

गाऊनची उजवी बाजू उसवली, तर आत चार बोटं कापड निघालं. बाहेरचं पिवळं पडलंय, आणि ते अजून पांढरं आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना पट्टे दिसतात. मग डावी बाजू. वीतभर उरली तेव्हा पांढरा दोरा संपला आणि निळा लागला. मी आईला हाक मारली. तिनं तो दोरा बोटाला गुंडाळला. लेस लावून पट्टे झाकू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, दिसू देत.

मग तिनं विचारलं की भूक लागलीय का. खूप महिन्यांनी मी खरं उत्तर दिलं, हो म्हणाले.

नाताळात लवकर ये, शिवण तुलाच घालायची आहे. तोवर माझ्यावर विश्वास ठेव, थोडा कमी ठेवलास तरी चालेल.

तुझी,
प्रार्थना