अळूमागची बादली

२ जून
ब्लॉकखालच्या बागेतली पावसाच्या पाण्याची पिंपं आज पालथी घातली. आजूबाजूला डेंग्यू. कंपोस्टही बंद. दोन वर्षं "पाणी वाचवा, कचरा जिरवा" म्हणून बागेच्या कमिटीनं डोकं खाल्लं, आता पाणी दिसलं की ओरडतात. नसता बाऊ.

५ जून
नळाच्या पाण्यावर माझा अळू रुसलाय. पावसाची एक बादली भरून पानांमागे ठेवली. वर कडुलिंबाचा पाला. गावी रांजणात टाकायचो, डास कुठला! शेजारच्या वाफ्यावरच्या लिमनं पाहिलं. सत्तरीचा चिनी म्हातारा. "आंटी, कॅनॉट लाह!" नाही चालायचं म्हणे. म्हटलं, नीम, ओल्ड मेडिसिन. हसला. कुणाला बोलला नाही.

११ जून
ब्लॉकला डेंग्यूचा लाल बॅनर. नात ईशा म्हणते, "आजी, रेड मीन्स व्हेरी सीरियस." म्हटलं, तुमच्या या देशात शिंकलं तरी बॅनर लागतो. तिनं साडीवर डासाचा स्प्रे मारला. घाण वास.

१६ जून
लिम तीन दिवस दिसला नाही. त्याच्या वांग्यांना मीच पाणी घातलं. लिफ्टपाशी त्याची बायको भेटली. डेंग्यू. हॉस्पिटलात. प्लेटलेट उतरतायत.
तशीच बागेत गेले. पाला वर तरंगत होता. खाली डासांच्या अळ्यांची वळवळ.
बादली तिथेच मातीत ओतली.

१७ जून
बादली घासून पालथी ठेवली. उद्या तपासणी. काही सापडलं तर बागच बंद, कायमची. मुलाला आडून विचारलं. म्हणाला, "आई, दहा घरांत ताप आहे. कुणाच्या पाण्यातला डास, कसं कळणार?"
खरंय. माझा नसेलही.
जेवण गेलं नाही.

१८ जून
तपासणीला पोरगी आली, टॉर्च घेऊन. कुंडी न् कुंडी पाहिली. मला विचारलं, "आंटी, कुठे पाणी साठलेलं पाहिलंत?" हात हलवून म्हटलं, नो इंग्लिश. सात वर्षं इथं राहून!
बाग वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

१९ जून
ईशाला म्हटलं, त्या तपासणीवालीचा नंबर काढून ठेव. "व्हाय, आजी?" उगाच.
अळूवड्या केल्या, लिमच्या घरी घेऊन गेले. बायको हॉस्पिटलला निघालेली. प्लेटलेटचा आकडा अजून वर नाही. म्हणाली, "तो सारखं विचारतो, आंटीचा अळू कसा आहे?"
अळूचंच विचारतो ना?
तिला सांगायला तोंड उघडलं. लिफ्ट आली. ती आत जाऊन दार धरून उभी राहिली, माझ्यासाठी.