ओल्या फडक्याखालची मेथी

परवा तुझ्या टोल्यावर, तू भाजी विकायला जायचीस त्या वस्तीवर, जाऊन आले, आई. सेलूहून रानाकडे जाणाऱ्या वाटेवरची ती शेवटची वीसेक घरं. आता तिथवर डांबरी रस्ता आहे, घरांवर डिशच्या छत्र्या आहेत. एका ओट्यावर बिस्किटं, साबण, चिप्सची पाकिटं टांगलेली असतात. भाजी मात्र तू जायचं थांबवल्यापासून आत्ताआत्तापर्यंत तिथे नीट पोचलीच नव्हती. तू गेल्यालाही किती वर्षं झाली, मी मोजणं सोडून दिलं आहे.

तुझी एक रीत होती. सकाळी वाफ्यातून भाजी काढलीस की आधी टोल्याचा वाटा वेगळा करायचीस. चांगली जुडी, कोवळी वांगी, थोडा सांबार. शाळेत मी त्याला कोथिंबीर म्हणायला शिकले आणि घरी येऊन तुझी चूक दुरुस्त करायचे, तरी तू हसायचीस. तो वाटा ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्याच्या कडेला ठेवायचीस. वाटेत चार गावं लागायची. कोणी कितीही मागितलं तरी ते फडकं सुटत नसे. ‘शेवटी राह्यतात म्हणून त्याइनं काय सगळ्याइनं चिवडलेलंच खावं?’ असं म्हणायचीस.

नाताळच्या सुट्टीत एकदा मी हट्टानं तुझ्याबरोबर आले होते. नऊ-दहा वर्षांची असेन. तिसऱ्या गावात टोपलं माझ्याजवळ ठेवून तू विहिरीवर पाणी प्यायला गेलीस. समोरच्या माडीवरच्या बाई खाली आल्या. वरचा माल संपत आला होता. मी माझ्या शाळेतल्या मराठीत त्यांच्याशी बोलले. त्यांनी माझं कौतुक केलं आणि फडक्याकडे बोट दाखवलं. मी ते सोडलं आणि सगळं देऊन टाकलं. तू परत येतेस, टोपल्याकडे बघतेस. मारत नाहीस.

‘फडकं कोनं सोडलं?’

‘मी. त्यांनी मागितलं.’

‘मांगनं त्याइचं काम हाय. नाई म्हननं आपलं.’

एवढं बोलून तू चुंबळ डोक्यावर ठेवलीस, वर रिकामं टोपलं, आणि टोल्याच्या वाटेला लागलीस. मला वाटलं होतं आता घरी जायचं. मी मागून ओरडले, ‘आता काऊन चाललीस? टोपल्यात तर काहीच नाही!’

‘ते वाट पाहून राह्यले असतीन. नाई हाय हे सांगाले तं जा लागते.’

टोल्यावर एक म्हातारी चुलीवर डाळ चढवून बसली होती. मेथी आली की त्यात टाकायची, एवढंच बाकी. तू टोपलं उतरवून तिला दाखवलंस आणि म्हणालीस, ‘आज माह्या हातून विकल्या गेली व बाई.’ तुझ्या हातून. मी तुझ्यामागे लुगड्याला धरून उभी होते. म्हातारी हसली. ‘असू दे. आज डाळीत डाळच टाकतो.’ मग तिनं मला गूळ दिला. तो मी तसाच मुठीत धरून ठेवला.

आता तुला माझं काम सांगते. निवृत्तीनंतर मी एका लहानशा संस्थेच्या समितीवर आहे. जिथे ताजं काही मिळत नाही अशा गावांत भाजीचं, किराण्याचं दुकान काढायला आम्ही पैसे देतो. गेल्या वर्षी टोल्यावरच्या एका गोंड बाईनं दुकानासाठी अर्ज केला होता. आम्ही ठरवलं, एकट्या टोल्याला दुकान देण्यापेक्षा एक गाडी पाच गावं करेल. सेलूहून निघेल, टोला शेवटी. त्या कागदावर माझीही सही आहे. सही करताना तुझं फडकं मला आठवलं नाही, आई.

या वर्षी ती बाई पुन्हा ऑफिसात आली, न बोलावता. म्हणाली, ‘मॅडम, तुमची गाडी आमच्याकडे येते तवा तिच्यात फक्त डायवर ताजा राह्यते.’ सगळे हसले. ती हसली नाही. पिशवीतून तिनं पिवळी पडलेली मेथी काढून टेबलावर ठेवली. ‘परसात लावलं तं रानडुकरं ठेवत नाई. मले एक खोली पायजे, मांडणी पायजे, अन् सकाळी सेलूले जाले एक गाडी. बाकी मी पाहून घेतो.’

ती गेल्यावर एक साहेब म्हणाले, वीस घरांवर दुकान चालत नसतं. सगळ्यांनी माना डोलवल्या. तेव्हा मी बोलले. ओलं फडकं सांगितलं, ते सोडणारी मुलगी सांगितली, रिकामं टोपलं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. दुकान मंजूर झालं.

पण मी सुरुवात कशी केली ते तुला कळायला हवं. मी म्हटलं, ‘आमच्याकडे एक भाजीवाली यायची.’

माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या स्वयंपाकघरात तू मागच्या दारानं टोपलं उतरवायचीस आणि मी पुढच्या फाटकातून वर्गात जायचे. तू दिसलीस तरी मी हाक मारत नसे. तूही मारत नव्हतीस. तू मला सांभाळून घेत होतीस, हे मला फार उशिरा कळलं. नोकरीत कोणी विचारलं तर मी सांगायचे, आमची थोडी शेती होती. खोटं नव्हतं ते. पण इतक्या वर्षांत ते वाक्य मी कधी पुरं केलं नाही.

परवा दुकान बघायला गेले. छोटीशी खोली, शेणानं सारवलेली. मांडणीवर वांगी, टमाटे, पाणी शिंपडलेला पालक. तिनं माझ्यासाठी मेथीची जुडी बाजूला ठेवली होती, गोणपाटाच्या ओल्या तुकड्याखाली. चहा देताना म्हणाली, ‘साहेबानं सांगतलं मले तुमची गोष्ट. माही आजी बी सांगे. एक बाई म्हने रिकामं टोपलं घेऊन आलती, फक्त नाई हाय सांगाले. आजी मरेपावतर तिची आठवण काढे. कोन होती मॅडम ते? तुमाले माईत असन.’

मी कप खाली ठेवला. बाहेर दोघी-तिघी भाजी निवडत होत्या. ती माझ्याकडे बघत थांबली होती.

मी म्हटलं, ‘नाही. मी लहान होते तेव्हा.’