मामानं साफ केलेली टेकडी

आईले मंजूचा जयभीम,

मी मजेत आहे. तुह्या माहेरी मामी मले पाण्याचा गिलासही उचलू देत नाही. इथं फोनले रेंज नाही, म्हून पत्र लिहून राह्यली. ताईच्या बाळाचं पोट आता कसं आहे?

खाणीसाठी मागितलेल्या टेकडीवर कोणती रानझाडं आहेत, ते मले आणि माह्या हापिसातल्या साहेबाले लिहाचं होतं. जपण्यासारखं काही सापडलं तर खाण अडते. राजपालमामाले इतकंच ठाऊक होतं का भाची टेकडी पाहाले येऊन राह्यली. त्यानं आदल्या दिवशी माणसं नेली, सारी झुडपं तोडली आणि गवत पेटवून देल्लं. भाचीच्या पायात काटा मोडू नये म्हून.

साहेब लय खूष झाला. "जे दिसते तेच लिहा," म्हणे. मी 'ओसाड' लिहिलं. त्यानं मामाले शाल देल्ली आणि मले बाजूले नेऊन म्हटलं, याले काही सांगू नको. मी अजून सांगतलं नाही. नोकरी नवीन आहे, तुले माहीतच आहे.

मामा भर उन्हात शाल पांघरून गावात फिरते.

तू बाळासाठी टेकडीवरची मुरडशेंग मागतली होती. ते दुकानातूनच घेजो. इथं आता राख आहे.

परवा पलीकडची टेकडी पाहाची आहे. साहेबानं आज मामाले सहज विचारलं, तिकडं काटे लय आहेत काय. मामा ओट्यावर बसून कोयत्याले धार लावून राह्यला.

तुही,
मंजुषा