विचित्र क्वार्कचं आयुष्य

३ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न.

गुडघा कसा आहे? डॉक्टर जिने चढू नका म्हणाले, म्हणजे तू मुद्दाम चढत असणार.

आमच्या कणाला ‘विचित्र’ का म्हणतात, असं तू विचारलंस. त्याच्या पोटात त्याच नावाचा एक क्वार्क, म्हणजे आणखी बारीक कण असतो. त्याच्यामुळे हा कण जन्मतो झटकन, पण मरताना मात्र रेंगाळतो. रेंगाळतो म्हणजे तरी काय, पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतोच, पण तेवढ्यात बोटभर अंतर कापतो. ते अंतर मोजून आम्ही त्याचं आयुष्य काढतो. माझ्या मोजणीत ते आजवरच्या सगळ्यांच्या मोजणीपेक्षा जास्त आलं, म्हणून इथे आनंदीआनंद होता. माझे मार्गदर्शक सर पुढच्या आठवड्यात परिषदेत ते जाहीर करणार आहेत.

आणि काल मला दिसलं, दुरुस्तीनंतर यंत्रातली, कणाची वाट टिपणारी एक पट्टी केसभर सरकून बसली आहे. म्हणजे अंतरच खोटं! सर म्हणाले, एवढ्याशाने काय होतं, आता घोळ घालू नकोस. उद्या मी सगळ्या गटासमोर बोलणार आहे.

तुझी, भाची

१२ मार्च

चि. भाचीबाईंस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. अगं, पदवी पदरात पडेपर्यंत गप्प बसवत नाही का? तुझ्या बाबाने साहेबाला असंच तोंडावर सुनावलं आणि आपल्याला गाव सोडावं लागलं. पण हे पोहोचेपर्यंत तू बोलून मोकळी झाली असशील. तसं असेल तर आता मान खाली घालू नकोस. आणि वेळेवर जेव.

तुझी काळजी करणारी, आत्या

२० नोव्हेंबर

ती. आत्यास, शि. सा. न.

बोलले. सर म्हणाले, सिद्ध कर. परिषदेतून त्यांनी आमचं नाव काढून घेतलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मी पट्टी उतरवली, नीट बसवून घेतली, सगळी मोजणी पहिल्यापासून केली. आयुष्य जुन्या लोकांना मिळालं तेवढंच आलं. शोध गेला, पदवीही वर्षभर लांबली. रडले, पण आकडे बदलले नाहीत.

काल सर माझ्या टेबलापाशी आले. आकडे वाचले आणि म्हणाले, पुढच्या प्रयोगाची जुळणी तू बघ. मी म्हटलं, बघते, पण आधी उरलेल्या सगळ्या पट्ट्या तपासायच्या, आणि तुम्हीही हात लावायचा. त्यांनी कोट खुर्चीवर टाकला आणि बाह्या सरसावल्या.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी, भाची