कडं पडलंच नाही

३ मार्च
आज पुन्हा वाजलं! बाबांच्या पायाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत. वॉर्डात ड्रेसिंग चाललेलं, वॉर्डबॉय म्हणून मी ट्रे धरून उभा. बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलं ते ट्रे धरायला? वा रे बहाद्दर!" डोकंच सटकलं. मास्क हनुवटीखाली ओढला आणि उघड्या जखमेवर वाकून तोंडाला येईल ते बोललो. घसा बसलेला, तरी ओरडलो. सिस्टरने हाकललं. आता बोलणारच नाही त्यांच्याशी!

५ मार्च
बाबांना ताप. जखम लाल झालीय. पू तपासायला लॅबमध्ये मीच नेऊन दिला. ती होती, तिथली टेक्निशियन, जिच्यासाठी मी लॅबच्या चकरा मारतो. "आवाज काय फुटक्या भोंग्यासारखा?" म्हणाली आणि हसली! दिवसभर तेवढंच पुरलं. बाप तापाने फणफणलाय आणि मी हे लिहितोय – शी.

८ मार्च
तिने प्लेट दाखवली. प्लेटवर जंतू वाढवतात, वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती मोकळं कडं पडतं. जंतू स्ट्रेप्टोकोकस. पेनिसिलिनने मेला असता, पण ते बाबांना सोसत नाही – एकदा श्वास कोंडला होता. म्हणून दुसरी दोन देत होते. त्या दोन्ही टिकल्यांना जंतू खेटून वाढलेले! म्हणजे तीन दिवस नुसतं पाणीच टोचलं.
"एक उरलंय," ती म्हणाली. "आजपासून ते."

११ मार्च
परवा वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्यांचे घसे तपासले. आज ती बाहेर आली, हसली नाही. बाबांच्या जखमेतला जंतू माझ्या घशात. त्याच दोन टिकल्या, कडं नाही.
"घसा धरला की काय घेतोस?"
दुकानातून गोळ्या, त्याच दोनांतल्या एका औषधाच्या. दोन दिवस. बरं वाटलं की बंद. या वर्षात तीनदा. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, त्याला सरावतो, ती म्हणाली.
"माझं नाव नको ना लिहू. माझ्यासाठी."
"वेडा आहेस का? वॉर्डात अजून अकरा माणसं आहेत."
मी स्टुलाला लाथ मारली. तिने ते उचलून जागेवर ठेवलं, आणि लिहिलं.

१२ मार्च
घसा साफ झाल्याचा रिपोर्ट येईपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. मला पेनिसिलिन चालतं. पूर्ण दहा दिवस घ्यायचं.
आईचा फोन. "ये की रे एकदा." कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, "मला नाही यायचं."

१५ मार्च
उरलेल्या औषधाला उशीर झाला, जंतू रक्तात गेलाय. किडन्या बसत चालल्यात. दाराच्या काचेतून फक्त आईची पाठ दिसते.

१८ मार्च
आईने फोन करणं बंद केलंय.

२२ मार्च
रिपोर्ट साफ! उद्या सकाळी जातो. आधी पाय धरतो, मग सगळं सांगतो.

२४ मार्च
काल मी जिना चढत होतो तेव्हाच बाबा गेले.
आई आज म्हणाली, "रोज विचारायचे, अजून रागात आहे का तो? मी काय सांगणार? हो म्हणायची मी."